खराब बर्फासाठी ताठ स्की

स्कीच्या दुकानात ‘ताठ’ हे विशेषण मालाचे वर्णन म्हणून कमी आणि गिऱ्हाइकाची पत ठरवण्यासाठी जास्त वापरले जाते. ताठ स्की तरबेजाची, मऊ स्की शिकाऊची, अशी एक उतरंड विक्रेत्याच्या बोलण्यात असते. गिऱ्हाइकाच्या मनात तर ती आधीच पक्की झालेली असते. काही उत्पादक ताठपणाला एक ते दहा असे गुणही देतात. एका कंपनीचा आठ आणि दुसरीचा आठ यांचा परस्परांशी काहीही संबंध नसतो, तरीही लोक ते आकडे शेजारी मांडून तुलना करतात. पुढच्या पानांत लांबी, रुंदी, त्रिज्या, बूट स्कीला जोडणाऱ्या बाइंडिंगचे प्रकार हे सगळे तपशिलाने येईलच. त्याआधी एकच गोष्ट मांडून ठेवायची आहे. यंत्राने दाबून, आखून दिलेल्या पिस्टच्या बाहेर जाणाऱ्याने ताठ ऑल-माउंटन स्की घ्यावी, यामागे एक खरे कारण आहे. पण ते कारण ताजा, भुसभुशीत बर्फ हे नव्हे. ते कारण खराब बर्फ हे आहे. आणि हे एकदा मान्य केले की निवडीचा निम्मा भार स्कीवरून उठून बाइंडिंगवर जातो, कारण ताठ स्की जे धक्के स्वतः पचवत नाही ते कुठेतरी जाणारच.

ऑफ-पिस्ट म्हटले की डोळ्यांसमोर येते ते जाहिरातीतले चित्र: गुडघाभर पावडर, मागे उडणारा पांढरा धुरळा, उतारावर एकही रेघ नाही. असे दिवस असतात, पण मोजके. भारतातल्या वाचकाला सर्वांत जवळचे उदाहरण गुलमर्गचे. गोंडोला सुमारे 2,650 मीटरवर सुरू होतो, मध्ये कोंगडोरीला थांबतो आणि वरचा टप्पा अफरवत शिखराच्या अंगावर चार हजार मीटरच्या आसपास नेऊन सोडतो. वरच्या टप्प्यावरून खाली येणारा उतार युरोपातल्या रिसॉर्टसारखा रोज रात्री यंत्राने सारखा केलेला नसतो. पश्चिमेकडून येणारे झंझावात बर्फ टाकून जातात आणि दोन झंझावातांच्या मधल्या दिवसांत त्याच बर्फावर वारा, ऊन आणि माणसे काम करत राहतात. धारेजवळ वाऱ्याने ठासलेला, लाटालाटांचा बर्फ. सावलीच्या घळीत अजून मऊ. उन्हाच्या बाजूला दिवसा वितळून रात्री गोठलेले कवच, जे कधी वजन पेलते आणि कधी मधेच फुटते. खाली झाडीत ओला आणि जड. हे सगळे एकाच उतरणीत भेटते. आल्प्समध्ये शामोनीच्या एग्विल द्यू मिदीवरून, 3,842 मीटरवरून, सुरू होणारी वीसेक किलोमीटरची व्हाले ब्लांश घ्या; तिथेही हिमनदीवर दुपारपर्यंत शेकडो स्कींनी नांगरलेला बर्फच वाट्याला येतो. ताज्या बर्फाचे एक घनमीटर पन्नास ते शंभर किलो भरते, वाऱ्याने ठासलेल्याचे तीनशे-चारशे. दोन वळणांच्या अंतरात स्कीखालचे माध्यम चौपट दाट होत असेल, तर त्या बदलाला स्की कसे उत्तर देते हाच निवडीचा मुख्य प्रश्न ठरतो. ताज्या बर्फात जवळजवळ कोणतीही रुंद स्की चालते. तिथे आधार संपूर्ण लांबीला सारखा मिळतो. तुटक, फुटक्या, गोठलेल्या बर्फात आधार ठिकठिकाणी मिळतो आणि मऊ स्की प्रत्येक उंचवट्याचे ऐकत बसते. तिचे टोक वर फेकले जाते, मधला भाग खचतो, आणि ज्या रेषेत जायचे होते ती रेषा हातची जाते.

आता ताठपणा म्हणजे नेमके काय? बाजारात कलिंगड टिचक्या मारून पाहावे तसे लोक दुकानात स्कीचे टोक धरून ती वाकवून पाहतात. त्यातून काहीच कळत नाही असे नाही, पण जे कळते ते मुख्यतः टोकाविषयी असते. पायाखालचा भाग कोणाच्या हाताने वाकत नाही. पट्टीचा वाकण्याला असणारा विरोध तिच्या जाडीच्या घनाने वाढतो. म्हणजे जाडी दहा टक्क्यांनी वाढली की ताठपणा सुमारे एकतृतीयांशाने वाढतो. म्हणूनच स्कीचा लाकडी गाभा मध्ये जाड आणि दोन्ही टोकांकडे पातळ तासलेला असतो, आणि मिलिमीटरच्या अंशाने केलेला बदलही स्कीचा स्वभाव पालटतो. दुसरा ताठपणा पिळाचा. कठीण बर्फावर स्की धारेवर उभी केली की बर्फ तिला परत सपाट करायला बघतो. टोक आणि शेपूट पिळले गेले तर धार मध्ये धरते आणि टोकांना सुटते. ऑफ-पिस्टवर मला पिळाचा ताठपणा वाकण्याच्या ताठपणापेक्षा महत्त्वाचा वाटतो, आणि हातात धरून तो जवळजवळ तपासताच येत नाही. कवचावर आडवे सरकत खडकाच्या वरून जायचे असेल तेव्हा नेमका तोच उपयोगी पडतो. तेव्हा ‘ही स्की किती ताठ?’ हा प्रश्न अपुरा आहे. कुठे ताठ, कोणत्या दिशेने ताठ आणि किती वजनाची, हे विचारावे लागते.

वजनाचा मुद्दा येथे मुद्दाम जोडला, कारण ताठपणा आणि थरथर शोषण्याची शक्ती या दोन वेगळ्या गोष्टी असून त्यांची सतत गल्लत होते. ताठ स्कींत बहुधा टायटॅनल नावाच्या मिश्रधातूचे पत्रे असतात. नावामुळे तो टायटॅनियम असल्याचा समज आहे. प्रत्यक्षात तो ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आहे. धातूमुळे थरथर कमी होते असे सरसकट सांगितले जाते, पण स्कीचा इतिहासच त्याला छेद देतो. अमेरिकेत हॉवर्ड हेड या विमान कारखान्यातून आलेल्या अभियंत्याने 1950 च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये लाकडी गाभा चिकटवलेली स्की बाजारात आणली. मऊ बर्फात ती इतकी सहज वळे की तिला ‘चीटर’, म्हणजे लबाडीची स्की, असे टोपणनाव पडले. पण कठीण बर्फावर, वेगात, ती खडखडत असे. उपाय सापडला तो 1960 च्या दशकात, धातूच्या जोडीला रबराचा पातळ थर घातल्यावर. आजच्या चांगल्या ताठ स्कीतही हेच घडते: धातू आकार टिकवतो, रबर आणि चिकट थर कंप खातात, आणि एकूण वजनामुळे छोटे धक्के स्कीला हलवूच शकत नाहीत. नुसत्या कार्बनने ताठ केलेली हलकी स्की कागदावर तितकीच ताठ असू शकते, पण गोठलेल्या नांगरटीवर ती पायाला प्रत्येक ढेकूळ मोजून दाखवते. नॉर्डिकाच्या एन्फोर्सर 100 मध्ये टायटॅनलचे दोन पत्रे आहेत. फोल्कलने 2018 मध्ये आणलेल्या एम5 मंत्रामध्ये वरचा अखंड पत्रा काढून कडेने चौकट ठेवली, म्हणजे धारेवरचा जोर राहिला आणि मधला भाग थोडा मोकळा झाला. दोन्ही ‘ताठ’ म्हणूनच विकल्या गेल्या, आणि दोन्ही सारख्या चालत नाहीत.

यावर पहिला गंभीर आक्षेप रॉकरचा आहे. टोक आधीच वर उचललेल्या आकाराने ताठपणाचा प्रश्न निकालात काढला, असे म्हणणारे बरेच आहेत. या आकाराचे श्रेय बव्हंशी शेन मॅककॉन्कीला जाते. अलास्कात पाण्यावरच्या स्कींवर बाइंडिंग बसवून बर्फावर उतरण्याचा खटाटोप त्याने केला आणि त्याच कल्पनेतून 2000 च्या दशकाच्या सुरुवातीला व्होलान्ट कंपनीची ‘स्पॅट्युला’ आली: मध्ये दबलेली, टोकांना उचललेली, कमरेला, म्हणजे मधल्या भागात, रुंद. खोल बर्फात तिने क्रांती केली हे निर्विवाद. पण त्या क्रांतीचा अर्थ मला उलटा लागतो. जुन्या सरळ स्कीला खोल बर्फात टोक वर राहावे म्हणून मऊ असावेच लागे. ते वाकून वर येणे हाच तिचा तरंगण्याचा उपाय होता. ताठ टोक बर्फात खुपसले जाई. टोक आकारानेच वर उचलले गेल्यावर मऊपणाची ती सक्ती उरली नाही. रॉकरने ताठपणाला पर्याय दिला नाही, ताठपणा परवडेल असा केला. आज 95 ते 105 मिलिमीटर कमरेची, टोकाला पुरेसा रॉकर, पायाखाली कॅम्बर, म्हणजे वर उठलेली कमान, आणि धातू असलेली स्की दोन्हीकडे निभावते ती यामुळेच. ज्याला फक्त झंझावातानंतरचे दोन दिवस साधायचे आहेत त्याने 115 ची मऊ स्की खुशाल घ्यावी. कठीण बर्फावर तेवढ्या रुंद स्कीला धारेवर उभी करताना तरफ गुडघ्याच्या विरोधात काम करते, एवढे मात्र त्याने जाणून असावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो मला बराचसा मान्य आहे: ताठ स्की चालवायला माणूस लागतो. स्की वळते ती वाकल्यावर, आणि ती वाकवणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. पंचाहत्तर किलोचा माणूस 18 मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी 20 किलोमीटरने जात असेल तर त्याला बाहेर ओढणारा जोर सुमारे 13 किलो वजनाइतका असतो. ताशी 40 ला तोच 50 किलोच्या पुढे जातो. म्हणजे सावकाश उतरणाऱ्याच्या पायाखाली ताठ स्की वाकतच नाही, ती फळीसारखी पुढे पळते आणि माणूस खांद्यांनी, कमरेने तिला ओढून वळवू लागतो. युरोप-अमेरिकेत स्थायिक झालेले मराठी लोक पुष्कळदा तिशी-चाळिशीत पहिल्यांदा स्कीवर उभे राहतात. त्यांतल्या कोणी पाच-सहा मोसमांनी ऑफ-पिस्टकडे वळताना मित्राच्या सल्ल्याने मित्राचीच स्की घेतली, तर फसगत ठरलेली. मित्र नव्वद किलोचा आणि आपण अठ्ठावन्नचे असू तर एकाच स्कीचा ताठपणा दोघांसाठी वेगळा असतो. उंचीवरून लांबी काढण्याच्या सवयीत वजन हरवते. पण या आक्षेपातून ‘मऊ स्की घ्या’ हा निष्कर्ष निघत नाही. ताठपणा आपल्या वजनाशी आणि नेहमीच्या वेगाशी ताडून पाहावा, एवढाच निघतो: एक लांबी कमी, एक पत्रा कमी, शेपूट जरा मऊ, पण पिळाला तडजोड नाही. मऊ स्की चुका माफ करते हे पिस्टवर खरे आहे. फुटणाऱ्या कवचात चूक बहुधा माणसाची नसतेच. कवच कुठे फुटणार हे त्याला ठाऊक नसते, आणि अशा वेळी आपली रेषा न सोडणारी स्कीच त्याला माफी मिळवून देते.

पण याची किंमत आहे आणि ती पायाला मोजावी लागते. मऊ स्की वाकून, थरथरून जी ऊर्जा गिळते ती ताठ स्की बुटाकडे पाठवते. तिथे बाइंडिंग उभे असते, आणि त्याच्यावर दोन परस्परविरोधी जबाबदाऱ्या असतात: धक्क्याला सोडू नये, पडल्यावर सोडावे. सुटणाऱ्या बाइंडिंगच्या आद्य जनकांपैकी एक, ओरेगनमध्ये स्थायिक झालेला नॉर्वेजियन स्कीपटू ह्याल्मर ह्वाम, याने आपली रचना 1937 मध्ये पाय मोडल्यानंतरच केली. तेव्हापासून आजपर्यंत अभियंते याच विरोधाशी झगडत आहेत. धक्का जोरदार पण क्षणभराचा असतो. पडण्यातला पीळ पुष्कळदा कमी जोराचा पण टिकून राहणारा असतो. दोघांत फरक करण्याचे बाइंडिंगजवळचे साधन म्हणजे लवचीक सरक: सुटण्याआधी बूट किती बाजूला किंवा वर सरकू शकतो आणि किती लवकर जागेवर परत येतो. सरक भरपूर असेल तर धक्का तिच्यात विरतो आणि स्प्रिंग बेताची ठेवता येते. सरक तोकडी असेल तर बाइंडिंग अकाली सुटते. मग स्कीअर स्क्रू पिळून सुटण्याचा आकडा वाढवतो. आणि नंतर सावकाश, वाकड्या पडण्यात, जिथे सुटायलाच हवे होते तिथे ते सुटत नाही. ताठ स्कीवर हे चक्र जास्त जोरात फिरते, म्हणून ताठ स्की आणि हलके, कमी सरकेचे बाइंडिंग ही जोडी मला सर्वांत धोक्याची वाटते. दुकानात मात्र ती सर्रास जुळवली जाते: स्कीवर पैसे संपतात आणि बाइंडिंग उरलेल्या रकमेत बसवले जाते.

येथे सुटण्याच्या या आकड्याविषयी, म्हणजे डिन आकड्याविषयी, बोलणे भाग आहे, कारण त्याच्याभोवतीही प्रतिष्ठेचे तेच वलय आहे. बाइंडिंगवरचा आकडा स्कीअरचे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून तक्त्याने काढायचा असतो. आयएसओ 11088 हे मानक त्यासाठीच आहे. बूट लांब तर तरफ लांब, म्हणून त्याच माणसाला आकडा कमी. पन्नाशी ओलांडली की तक्त्यात एक ओळ वर सरकायचे, म्हणजे पुन्हा आकडा कमी. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या मध्यम ते चांगल्या स्कीअरचा आकडा साधारण सहा ते आठच्या दरम्यान येतो. मग 18 पर्यंत जाणारे बाइंडिंग तो का घेतो? आक्षेपक म्हणतील, महाग बाइंडिंगमध्ये धातू जास्त, बांधणी भक्कम आणि सरकही जास्त असते. हे पुष्कळदा खरे असते, आणि तेवढ्यापुरते ते घेणे समर्थनीय आहे. पण कारण सरक असावे, कमाल आकडा नव्हे. आपला आकडा बाइंडिंगच्या पल्ल्याच्या मधल्या भागात येईल असे पाहावे. अगदी तळाशी स्प्रिंग ढिली ठेवून मोठे बाइंडिंग वापरण्यात शहाणपण नाही. लुकच्या पिव्हट बाइंडिंगची टाच फिरत्या तबकडीवर असते आणि बूट नडगीच्या रेषेभोवती फिरतो. ही कल्पना जुनी आहे, पण ताठ स्कीसाठी आजही तिच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. बाइंडिंग काय करू शकत नाही, तेही येथेच सांगितले पाहिजे. अमेरिकेत व्हरमाँटमधील शुगरबुश येथे 1972 पासून चाललेल्या दुखापतींच्या दीर्घ अभ्यासात नडगी मोडण्याचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटलेले दिसले, पण गुडघ्यातील एसीएल अस्थिबंधाच्या दुखापतींत तशी घट झाली नाही. बाइंडिंग नडगीसाठी घडवलेले आहे. मागे बसून, आतल्या धारेवर गुडघा पिळत पडणाऱ्याला ते वाचवीलच असे नाही, आणि ताठ शेपटाची स्की त्या पिळाला हातभारच लावते.

चढून जाणाऱ्यांचा आक्षेप वेगळा आहे: हे सगळे वजन डोंगरावर वाहून कोण नेणार? ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेलने 1980 च्या दशकात पिनांचे बाइंडिंग काढले आणि चढाईचे गणितच बदलले. त्याचे ऋण नाकारण्याचा प्रश्न नाही. मात्र त्याच्या मूळ रचनेत पुढच्या पिनांना स्वतंत्र बाजूची सुटका नव्हती. बाजूचे सुटणे टाचेवर अवलंबून होते आणि सरकही थोडी. अवघड जागी पुढचा भाग कुलूपबंद करून उतरण्याची काहींची सवय तर थेट घातक आहे, कारण हिमस्खलनात न सुटलेल्या स्की माणसाला खाली ओढतात. 2018 मध्ये आलेल्या सॉलोमनच्या शिफ्टसारख्या जोडरचना चढताना पिनांवर आणि उतरताना नेहमीच्या बाइंडिंगप्रमाणे चालतात. वजन मधले, गुंतागुंत जास्त. माझा कौल असा की वर्षातले बहुतेक उतार गोंडोला किंवा लिफ्टने गाठणाऱ्याने पूर्ण अल्पाइन बाइंडिंगच घ्यावे आणि चढाईसाठी, परवडल्यास, वेगळी हलकी जोडी ठेवावी. एकाच जोडीत सगळे बसवण्याच्या हट्टात नेमकी उतरण्याची सुरक्षितता कापली जाते. हिमस्खलनाचा धोका मात्र कोणत्याही जोडीने कमी होत नाही. 2023 च्या फेब्रुवारीत अफरवतच्या उतारावर दोन पोलिश स्कीअर स्खलनात गेले. ट्रान्सीव्हर, फावडे, प्रोब आणि ती वापरण्याचा सराव यांचा विषय स्कीच्या निवडीइतकाच मोठा आहे, आणि तो त्याच्याआधी येतो.

शेवटी कारागिरीचा भाग, जो कॅटलॉगमध्ये नसतो. धातू असलेल्या स्कीला साधारणपणे 4.1 मिलिमीटरचे भोक पाडावे लागते, बिनधातूच्या स्कीला 3.5 किंवा 3.6 चे, आणि चुकीच्या भोकात बसवलेला स्क्रू पहिल्या मोसमात काही सांगत नाही. बुटाचा तळवा आणि बाइंडिंग यांचे मानक जुळले पाहिजे: अल्पाइन तळवा आयएसओ 5355 चा, टूरिंगचा 9523 चा, ग्रिपवॉकचा तिसराच, आणि प्रत्येक बाइंडिंग तिन्ही स्वीकारत नाही. तळव्याखाली दाबून बसलेला बर्फ पुढच्या भागात घर्षण वाढवतो आणि तक्त्याने काढलेला आकडा निरर्थक करतो. ऑफ-पिस्टवर स्की पुन्हा घालण्याआधी तळवा खरवडणे हा नुसता उपचार नव्हे. बाइंडिंगचा ब्रेक स्कीच्या कमरेपेक्षा थोडा रुंद हवा, फार नको, नाही तर कठीण उतारावर तोच बर्फात अडकतो. गुलमर्गला जाणाऱ्याने निदान स्वतःचे बूट न्यावेत. स्की तिथे भाड्याने मिळते, पण निवड मर्यादित असते आणि आधीच्या माणसाच्या बुटासाठी लावलेले बाइंडिंग तसेच हातात येऊ शकते. तळव्याची लांबी बुटाच्या बाजूला मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, ती दाखवून पुढचा दाब आणि दोन्ही आकडे आपल्या डोळ्यांसमोर लावून घ्यावेत. स्वतःची जोडी असेल तर दर मोसमाच्या आरंभी यंत्रावर प्रत्यक्ष सुटण्याचा पीळ न्यूटन-मीटरमध्ये मोजून घ्यावा. बाइंडिंगच्या खिडकीतला आकडा आणि यंत्रावरचा आकडा जुळेलच असे नाही, आणि जुळला नाही तर यंत्राचा धरायचा.